नुसती रेती

माझं काम ऐकून गावात लोक हसायचे. "म्हणजे मासे तू पकडत नाहीस?" नाही. "विकत नाहीस?" नाही. बहरीनमध्ये सव्वीस वर्षं मी लोकांना मासे पकडायला समुद्रात घेऊन जायचो. बँकेतले साहेब, हॉटेलातले गोरे पाहुणे, सुट्टीच्या दिवशी पोराबाळांना घेऊन आलेले आपले पुण्या-मुंबईचे इंजिनियर. त्यांच्या हातात गळ द्यायचा, त्याला आमिष म्हणून माकूल लावून द्यायचं, आणि मासा लागला की "वा साहेब, क्या बात है" म्हणायचं. "म्हणजे त्यांना पकडता येत नाहीत आणि तुला पकडू देत नाहीत," असा माझ्या थोरल्या भावाने निष्कर्ष काढला होता. तो अगदीच चुकीचा नव्हता.

दिवाळी अंकासाठी गमतीजमती लिहा, असं संपादकांनी सांगितलं आहे. गमती आहेत, पण त्या लवकर संपतील. पुढचं ज्यांना वाचायचं नसेल त्यांनी पान उलटावं, मला राग नाही.

आमचं गाव देवगड तालुक्यात, खाडीच्या काठावर. गरवणं, म्हणजे गळाने मासे पकडणं, मला कोणी शिकवलं नाही. चालायला शिकलो तसंच तेही आलं. बहरीनला गेलो तो मात्र प्लंबरच्या व्हिसावर. हमद टाउनमध्ये दोन वर्षं घरांच्या तुंबलेल्या मोऱ्या काढल्या. एका घरातली मोरी काढून हात धूत होतो, तेव्हा घराचे मालक अंगणात गळाची दोरी सोडवत बसले होते. गुंता असा की बघवेना. मी न विचारता खाली बसलो आणि पाच मिनिटांत दोरी मोकळी करून दिली. ते म्हणाले, "तुम समंदर का आदमी है, इधर पाइप में क्या करता?" हे बू यूसुफ. बू म्हणजे बाप. थोरल्या मुलाच्या नावाने माणसाला हाक मारायची तिकडे रीत आहे. बोटीच्या मालक-कप्तानाला तिथे नोखदा म्हणतात, म्हणजे आपला नाखवाच. पुढच्या महिन्यात माझा व्हिसा त्यांच्याकडे बदलून झाला. ते सुकाणू धरायचे आणि मी पाहुण्यांना सांभाळायचो.

बाहेरच्या माणसाला वाटतं समुद्र म्हणजे सगळीकडे पाणी आणि पाण्यात सगळीकडे मासे. तसं नसतं. तळाशी बहुतेक ठिकाणी सपाट रेती असते, आणि तिथे दिवसभर गळ टाकून बसलात तरी आमिष भिजण्यापलीकडे काही होत नाही. मासा दगडाला असतो. तोही बारा महिने एका जागी नाही. थंडीत पाणी गार पडलं की सुरमई येते, चालत्या बोटीमागे दोरी सोडून तिला धरायची. वायव्येचा वारा सुटला की चार-चार दिवस बोट धक्क्याला. ऑगस्टमध्ये वरचं पाणी न्हाणीघरातल्या बादलीसारखं कढत होतं आणि मासे खालच्या कपारीत तोंड लपवून बसतात. प्रत्येक महिन्याला जागा वेगळी, आमिष वेगळं, वजन वेगळं. पाहुण्यांना हे काही माहीत नसायचं. त्यांना हवा असायचा हामूर.

हामूर म्हणजे आपला गोब्रा. बहरीनमध्ये त्याचा मान फार मोठा. तो दगडाखालच्या बिळात राहतो आणि आमिष गिळलं की सरळ घरात पळतो. पहिल्या दोन हातांत त्याला वर ओढला तर तो तुमचा. नाही तर दोरी दगडाला घासून तुटते आणि तुम्ही पुढचे आठ दिवस ऑफिसात सांगत फिरता की केवढा होता.

पुण्याचे एक अकाउंटंट सीफ भागातल्या कुठल्याशा उंच इमारतीतल्या ऑफिसातून साहेबाच्या आग्रहाखातर आले होते. शुद्ध शाकाहारी. माकूल लावलेल्या गळाकडेही बघेनात. मीच दोरी त्यांच्या हातात दिली, आणि दहा मिनिटांत बोटीवर त्या वर्षीचा सगळ्यात मोठा हामूर आला. तो धापा टाकतोय हे बघून त्यांचे डोळे भरले. "अहो, सोडा त्याला, सोडा!" म्हणून माझा हात धरला. मी म्हटलं, "साहेब, एवढ्या खोलातून आलेला मासा परत सोडला तर जगत नाही. उगाच हाल होतील." ही अर्धी थाप होती. काही जगतात. पण त्याचं डोकं मला माझ्या खोलीतल्या तिखल्याच्या रश्श्यात दिसायला लागलं होतं. त्यांनी माशाला हात जोडले.

थापा मारणं हा आमच्या धंद्याचा भाग आहे, हे इथे सांगून टाकतो. आमच्या गावात होडी किनाऱ्याला लागली की लोक विचारतात, "काय गावला?" आणि टोपलीत मावत नसले तरी नाखवा म्हणतो, "काय नाय गावला." आमची बोट लागायची त्या मआमीरच्या धक्क्यावर तेच. येणाऱ्या बोटीला विचारायचं, "काही मिळालं?" उत्तर ठरलेलं: "मफी." म्हणजे नाही, काहीच नाही. खरं बोलणारा माणूस दोन आठवड्यांत आपली जागा गमावतो. मला बहरीन परकं वाटलं नाही त्याचं हे एक कारण. दोन्हीकडे माणसं सारखीच खोटं बोलत होती.

आणि आमच्याकडे लपवण्यासारखी जागा होती. बू यूसुफना ती त्यांच्या वडिलांकडून मिळालेली. आठ वाव, म्हणजे पन्नासेक फूट पाण्यात, रेतीच्या मैदानात एकच लांबट दगड, त्याला खालून पोकळ्या. ते तिला हामूरचं घर म्हणायचे. पहिल्यांदा मला नेलं तेव्हा मशीन बंद केलं, माझा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाले, "सुरेस, ये जगह किसी को नहीं बोलने का. तेरा सगा भाई को भी नहीं. कसम खा." मी गावच्या देवीची शपथ घेतली. कुठली देवी ते त्यांनी विचारलं नाही, पण मान डोलावली.

खुणा आता सांगायला हरकत नाही. कारखान्याची लाल-पांढरी चिमणी गावातल्या मशिदीच्या मिनाराआड लपवायची, आणि डाव्या हाताला पाण्याची टाकी जुन्या धक्क्याच्या टोकावर आणायची. की खाली हामूरचं घर. शिशाचं वजन तळाला गेलं की दोरीतून बोटाला "टक्" असं कळायचं. रेती असेल तर काही कळत नाही, वजन नुसतं बसतं. बू यूसुफना त्या एका 'टक्'वरून दगडाचा कुठला कोपरा आहे तेसुद्धा सांगता यायचं.

पाहुण्यांना तिथे नेताना मी आधी सगळ्यांचे फोन डब्यात जमा करायचो, भिजतील म्हणून. मग बोट उगाच चार ठिकाणी थांबवायची. एका बँकवाल्याने मनगटावरच्या घड्याळात गुपचूप जागा टिपून घेतली आणि पुढच्या शुक्रवारी मित्राची बोट घेऊन आला. आम्ही दुरून बघत होतो. तो आमच्या खोट्या थांब्यावर, भर रेतीत, उन्हात पाच तास बसला. बू यूसुफ हसून हसून बोटीत आडवे झाले. मला तर इतका अभिमान वाटला की रात्री बायकोला फोन करून सांगितलं.

गमती इथे संपल्या.

बू यूसुफचे डोळे हळूहळू गेले. काचबिंदू. त्यांचा पुतण्या जासिम बोट चालवायला लागला. चांगला माणूस, पण त्याचं लक्ष मशीनवर. पाण्याखाली काय आहे ते माझ्यावर सोडलेलं. त्यामुळे हामूरच्या घराची खरी राखण आता माझ्याकडे आली, असं मी समजत होतो.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी धक्क्यावर एक मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, डोक्यावर टोपी, काखेत नकाशाची मोठी गुंडाळी. आधी हिंदीत बोलली, मग माझ्या तोंडून जासिमला "अरे थांब रे" असं निघालं आणि ती एकदम म्हणाली, "काका, तुम्ही मराठी? मी अनघा. पुण्याची." किनाऱ्याला मोठा भराव घालून नवी वस्ती होणार होती. त्याआधी समुद्राची पाहणी करणाऱ्या कंपनीत ती इंजिनियर होती. माझ्या डब्यातल्या चपात्या तिने आनंदाने खाल्ल्या. मग बर्फाच्या पेटीवर नकाशा पसरला आणि मला लाल गोल टिकल्यांचा कागद दिला.

"काका, जिथे जिथे मासे मिळतात तिथे एकेक टिकली लावा. त्या जागा सोडून बाकीचं काम करायचं असं आम्ही सुचवणार आहोत."

तिने हे स्वच्छ मराठीत सांगितलं. मला समजलं नाही असं मी म्हणू शकत नाही. पण मी ऐकलं ते एवढंच, की नकाशा छापला जाणार, त्यावर लाल टिकली असणार आणि घड्याळवाले, बँकवाले सगळे माझ्या दगडावर येऊन बसणार. मी टिकल्या लावल्या. सात लावल्या. सगळ्या खोट्या थांब्यांवर. मोठ्या विचाराने, मान तिरकी करून, एक काढून पुन्हा जरा सरकवून लावली, म्हणजे खरं वाटावं.

तिने मधल्या मोकळ्या जागेवर पेन्सिल ठेवली. "आणि इथे?"

"तिथे? मफी. काही नाही."

"नक्की ना काका? नकाशात इथे थोडा उंचवटा दिसतोय."

"अहो, तेवीस वर्षं या पाण्यात काढली मी. नुसती रेती आहे."

"रेती?" तिचा चेहरा उजळला. "कशी आहे? जाड थर असेल?"

पोरीला पुरती गुंडाळली, असं मला वाटलं. तेव्हा मी आणखी रंगवलं. म्हटलं, वजन टाकलं की सरळ रुततं. स्वच्छ रेती, दगडाचं नाव नाही. आमच्या गावच्या किनाऱ्यालाही अशी रेती नाही. तिने सगळं लिहून घेतलं. जाताना वाकून नमस्कार केला. मी आशीर्वाद दिला.

भराव घालायला रेती लागते, आणि ती समुद्राच्या तळातूनच काढतात. हे मला माहीत नव्हतं का? पाइप काढणाऱ्या माणसालाही माहीत असतं. पण त्या वेळी माझ्या डोक्यात फक्त माझी हुशारी होती.

पुढच्या थंडीत रेती उपसणारं जहाज आलं. चिमणी मिनाराआड लपवली आणि डावीकडे बघितलं, तर जहाज बरोबर आमच्या जागेच्या पलीकडे उभं. त्याचा जाड नळ तळापर्यंत गेलेला. पाणी ताकासारखं पांढरं. दिवसरात्र ते उपसत होतं, आणि त्यातला गाळ येऊन दगडावर बसत होता. मी वजन टाकलं. बोटाला काहीच कळलं नाही. पुन्हा टाकलं. पुन्हा. जासिम म्हणाला, "खलास, सुरेस." मी त्याच्यावर खेकसलो.

अनघाचा नंबर होता माझ्याकडे. फोन लावला आणि रस्त्यावर उभा राहून सगळं सांगितलं. 

"काका, मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं."

"विचारलं होतंस पोरी."

"रिपोर्ट जाऊन आठ महिने झाले. मी मेल करते, पण..." मग तिचा आवाज बारीक झाला. "कदाचित तुम्ही खरं सांगितलं असतं तरी त्यांनी तिथूनच घेतली असती. आमचं सगळंच ऐकतात असं नाही."

तिने चांगुलपणाने म्हटलं, पण त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. खरं सांगून दगड गेला असता तर मी त्या जहाजावर चिडलो असतो, लोकांना सांगत फिरलो असतो. आता कुणावर चिडू? माझ्या सात टिकल्यांपैकी चार जागा त्यांनी राखून ठेवल्या आहेत. तिथे पिवळे बोये तरंगतात आणि कुणाला नांगर टाकू देत नाहीत. खाली काडीइतकं काही नाही. सव्वीस वर्षांत माझ्या शब्दावर कोणी एवढा विश्वास ठेवला नव्हता.

बायकोला सांगितलं तेव्हा ती फोनवर एवढंच म्हणाली, "खरा सांगला असता तर काय बिघाडला असता?"  

पाहुणे कमी झाले. जे आले ते रिकाम्या हाताने परत गेले, आणि रिकाम्या हाताने गेलेला पाहुणा पुन्हा येत नाही. मी दुसऱ्या जागा शोधल्या. एवढा एकच दगड होता असं नाही, पण तसा एकच होता. सकाळी आमिष कापायला बसलो की हात चालायचे नाहीत. पूर्वी कोणी "आज मिळेल ना?" विचारलं की मी ऐटीत "इंशाल्ला" म्हणायचो, मनात पक्कं माहीत असायचं. आता ते म्हणताना खरोखरच देवावर सोडलेलं असायचं. यंदा जासिमने बोट विकायला काढली. माझा व्हिसा रद्द करायचे कागद झाले.

निघायच्या आधी बू यूसुफना भेटायला गेलो. ते म्हणाले, "एक दफा ले के चल. हामूर का घर." जासिमने माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघांनी त्यांना काही कळू दिलं नव्हतं, निदान आमची तशी समजूत होती. नाही म्हणायची हिंमत मला झाली नाही.

वारा पडलेला होता. त्यांना हाताला धरून बोटीत बसवलं, सुरक्षा जॅकेट घातलं. ते तोंड समुद्राकडे करून लहान मुलासारखे बसले. खुणा जुळल्यावर मी मशीन बंद करायला सांगितलं आणि दोरी त्यांच्या बोटांत दिली. वजन सुटलं. आठ वाव गेलं आणि थांबलं.

"मट्टी," ते म्हणाले. "जगह ग़लत है. आगे ले."

आगे घेतलं. पुन्हा मट्टी. मागे घेतलं. पुन्हा तेच. त्यांचा आवाज चढला. "सुरेस, तू बुड्ढा हो गया? निशानी भूल गया?" मी म्हणू शकलो असतो, हो बाबा, विसरलो. त्यांना तेच हवं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. माझ्या विसरण्याचीच ते आशा धरून बसले होते. चौथ्यांदा जासिमने नांगर टाकला, त्यांनी दोरी सोडली, तळाला लागल्यावर दोन बोटांत धरून कितीतरी वेळ तशीच ठेवली, आणि मग हळूच विचारलं, "जगह सही है ना?"

"सही है, बाबा."

मग मी सगळं सांगितलं. ती मुलगी, टिकल्या, रेती. मोडक्या हिंदीत, मध्येच अरबीत, मध्येच मराठीत. सांगताना रडलो, त्याची लाज वाटत नाही. शेवटी म्हटलं, "आपको कसम दिया था, इसलिए नहीं बोला. मैंने ही मारा इसको."

बू यूसुफ दोरी गुंडाळत होते. डोळे गेल्यावरही त्यांची गुंडाळी सुबक असायची. ते म्हणाले, "वो लड़की मेरे घर भी आया था. पहले मेरे पास आया, बाद में धक्के पे गया. मजलिस में बैठा, चाय पिया. पूछा, बाबा, उधर क्या है."

त्यांनी दोरीचा शेवटचा वेढा घातला.

"मैं बोला, रेती. अच्छा रेती."

"आप क्यों बोला, बाबा?"

"तेरे वास्ते," ते म्हणाले. "मेरा तो आँख गया. मैं सोचा, मेरे पीछे तू खाएगा."

जासिमने विचारलं, नांगर उचलू का. मग त्याने आपणच उचलला. त्याला वीतभर राखाडी चिखल लागला होता. बादलीने पाणी ओतून ओतून मी तो धूत होतो, आणि बू यूसुफ विचारत होते, "गया? साफ हुआ?"